के.पी. लिंक रोड

५ ऑक्टोबर, रविवार. पहाटे

आजपासून रोजनिशी. सगळे सिरीयस सायक्लिस्ट ट्रेनिंग लॉग ठेवतात. मी मराठीत ठेवणार, कारण इंग्लिशमध्ये लिहिलं की आर्या वाचते. आर्या माझी लहान बहीण. ती पण माझ्यासारखीच इंग्लिश मिडियम, आणि तिला माझं मराठी अक्षर अजिबात लागत नाही. दोन दिवसांनी मलाही लागत नाही, पण सिक्युरिटी म्हटलं की थोडा त्रास होणारच.

(वर पहाटे लिहिलंय. आत्ता अकरा वाजलेत. पहिला दिवस आहे.)

संकल्प. रोज पहाटे उठणे. वडापाव बंद. ऑफिसच्या कॉलवर कॅमेरा ऑफ करून सायकलचे व्हिडिओ बघणे बंद. आणि मेन म्हणजे जानेवारीच्या पहिल्या रविवारी 'वसई लूप'. रूट माझा, राईड माझी, पुढे मी. सुमेधच्या ग्रुपचे सगळे मागे.

सुमेध आमच्या विरारच्या सायकल ग्रुपचा ऍडमिन. त्याची सायकल कार्बनची आहे, हे तो सायकलचा विषय नसतानाही सांगतो. ग्रुप दर रविवारी वसईच्या किल्ल्यापर्यंत जातो आणि गेला त्याच रस्त्याने परत येतो. ह्याला राईड म्हणत नाहीत, दूध आणायला जाणं म्हणतात. लूप म्हणजे लूप. एकदा गेलेल्या रस्त्याला परत चाक लागता कामा नये.

माझ्या लूपमध्ये सगळं बसतंय. विरार, आगाशी, निर्मळ, भुईगाव, किल्ला, मग वेगळ्या रस्त्याने घर. अडलंय फक्त भुईगावात. तिथे एक आळी चर्चकडून येते आणि ऑस्कर अंकलच्या वाडीपाशी संपते. दुसरी आळी शेजारच्या श्रीपतकाकांच्या घरापाशी सुरू होते आणि समुद्राकडे जाते. मधे दोघांच्या कुंपणांमधून एक वाट आहे, पण ती नकाशात नाही. म्हणून रूट काढणारं ऍप मला मागे फिरवतं आणि मेन रोडला डंपरच्या मागे नेऊन सोडतं. तोच रस्ता दोनदा. लूपची वाट लागते.

आई म्हणाली, हॉलमधली सायकल देवाच्या फोटोपुढून हलव, उदबत्ती लावायला मला चाकावरून वाकावं लागतं. हलवतो म्हटलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

उठलो. गेलो. वारा समोरून होता. परत येतानाही समोरूनच होता. कोणाला सांगून पटणार नाही.

भुईगावात ऑस्कर अंकलकडे थांबलो. अंकल म्हणजे फ्लॉईडचे डॅडी. फ्लॉईड आणि मी शाळेत एका बेंचवर. आता तो क्रूझवर असतो, लोकांना जेवण वाढतो आणि समुद्राचे फोटो पाठवतो. जाताना मला म्हणाला होता, मम्मी-डॅडीकडे जरा बघत जा रे. बघतोच. दर रविवारी ब्रेंडा आंटी लिंबाचं सरबत आणि दोन वेलची केळी देते. माझं बघणं व्यवस्थित चालू आहे.

अंकल म्हणाले, सायकलची घंटी कुठंय. मी सांगितलं, काढली, वजन वाढतं. अंकलनी आधी घंटीच्या जागेकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे. 

वाटेने सायकल नेऊ का, विचारलं. अंकल म्हणाले, जा की पोरा, विचारतो काय. मग स्टोरी सांगितली. त्यांचे आजोबा आणि श्रीपतकाकांचे आजोबा, दोघांनी एक दिवस आपापलं कुंपण एकेक हात मागे घेतलं आणि वाट झाली. अर्धी ह्यांची, अर्धी त्यांची. कागद नाही. पुतळाकाकी, म्हणजे श्रीपतकाकांची बायको, पहाटे सोनचाफ्याची पाटी घेऊन ह्या वाटेने चर्चच्या कोपऱ्यावर जाते, तिथे फुलांचा टेम्पो लागतो. आंटी संध्याकाळी ह्याच वाटेने काकीच्या ओट्यावर जाते, तिथे गप्पा लागतात.

आणि ताट. गणपतीत काकीकडून मोदकांचं ताट येतं. ते रिकामं परत द्यायचं नाही, म्हणून आंटी नाताळपर्यंत ठेवते आणि नेवऱ्या, कलकल, केक भरून पाठवते. स्टीलचं ताट आहे, मागे काकीचं नाव कोरलेलं. आत्ताही आंटीच्या फळीवर उभं होतं.

काकांना पण विचारलं. ते चाफ्याला पाणी सोडत होते. म्हणाले, वाट चालायलाच असते, जा.

दोन्ही ओनर्सची परमिशन मिळाली.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज मी इतिहास केला.

एक ओपन नकाशा आहे, त्यात कोणीही रस्ता टाकू शकतं, आणि बाकीची बरीच ऍप्स त्यातूनच उचलतात. मी भुईगावची वाट टाकली. आधी 'पायवाट' सिलेक्ट केलं. पण पायवाट म्हटलं की ऍप रोड बाईकला तिकडून सोडत नाही. मग 'रस्ता' केलं. लगेच लूप बंद झाला. निळी रेघ गोल फिरून घरी आली. डोळ्यांत पाणी आलं. (कॉन्टॅक्ट लेन्स पण कोरडी झाली होती.)

नावाची जागा रिकामी होती. रिकामी बरी नाही दिसत. 'के.पी. लिंक रोड' टाकलं. कौस्तुभ पाटकर. कोणाला कळणार नाही, मला कळेल.

आर्या विचारत होती, लॅपटॉपकडे बघून एकटाच का हसतोयस. इन्फ्रास्ट्रक्चर म्हटलं.

२६ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीत फराळामुळे ट्रेनिंग बंद होतं. ते गृहीतच धरलं होतं.

आज ग्रुपला के.पी. लिंक रोडने नेलं. सुमेधसुद्धा म्हणाला, बरा आहे पॅच. कार्बनला व्हायब्रेशन जाणवत नाही म्हणाला. सगळ्यांनी राईडच्या ऍपवर राईड अपलोड केली. फ्लॉईडने जहाजावरून माझ्या राईडला लाइक दिलं.

आमच्या मागून एक डिलिव्हरीवाला पण तिकडून गेला, मग अजून एक. अंकल म्हणाले, हल्ली ही पोरं कुठून घुसतात काय माहीत, परवा आंटी बादली घेऊन उभी होती तिच्या पायावरून एक जण जात होता. मी म्हटलं, अंकल, कनेक्टिव्हिटी वाढतेय.

रस्ता नव्हता तेव्हा कोणी येत नव्हतं. आता येतात. म्हणजे गरज होतीच.

९ नोव्हेंबर, रविवार

छोटा इश्यू झाला.

मी आंटीकडे केळं खात होतो. एक मोठी पांढरी गाडी वाटेत घुसली. आत बीचवर चाललेली फॅमिली, मोठ्याने गाणी. गाडी अर्ध्यात अडकली. एका बाजूने काकांचा चाफा, दुसऱ्या बाजूने अंकलचं कुंपण. ड्रायव्हरने रिव्हर्स घेतला तर काकांचा पाण्याचा पाईप फुटला आणि पालकाच्या वाफ्यात तळं झालं. पुढे घेतला तर चाफ्याची फांदी गेली. पुतळाकाकी तुटलेली फांदी हातात धरून उभी होती. कळ्या होत्या तिच्यावर. ड्रायव्हर तिला मोबाईल दाखवत म्हणाला, काकी, मॅप में रोड है.

मी बोलणार होतो. तोंडात केळं होतं. गिळून होईपर्यंत विषय पुढे गेला होता.

घरी येऊन विचार केला. गाडीवाल्याने रुंदी बघायला नको? नकाशा रस्ता दाखवतो. अक्कल युझरने आणायची.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज भुईगावात श्रीपतकाकांच्या ओट्यावर मीटिंग. मी फक्त सरबताला गेलो होतो.

काकांचा मुलगा अल्पेश. त्याने मोबाईलवर नाव शोधून काढलं. के.पी. लिंक रोड.  मग सगळे एकदम बोलायला लागले. के.पी. कोन? बिल्डर असनार, दुसरं कोन. लिंक रोड म्हणजे नुसती वाट नाय, रुंद करनार. आधी नकाशात येतं, मग नोटीस येते, मग जेसीबी. पलीकडच्या गावात असंच झालं. वाडी गेली, विहीर गेली, आता टॉवरच्या पार्किंगमधे चिकूचं एक झाड हाय.

मला वाटलं आता सांगून टाकावं. खरंच वाटलं. पण श्रीपतकाका उठून उभे राहिले होते. म्हणाले, माझ्या डोळ्यादेखत ह्या जमिनीत रस्ता नाय जानार. ऑस्कर अंकलनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. अशा वातावरणात टेक्निकल गोष्टी समजावून सांगता येत नाहीत.

मग अंकल म्हणाले, आपला कौस्तुभ हाय ना, कम्प्युटरवाला, तो शोधेल के.पी. कोन ते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हटलं. नाही कसं म्हणणार.

काकी म्हणाली, बाबा, लवकर बघ. आणि केळ्याचा घड दिला. घड हँडलला लटकवून विरारपर्यंत आलो. ऍव्हरेज स्पीड पडला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

प्लॅन सिंपल आहे. नकाशातून नाव काढायचं. नाव नाही तर बिल्डर नाही. बिल्डर नाही तर भीती नाही.

काढलं. दोन मिनिटांचं काम. उगाच टेन्शन घेतलं होतं.

वडापाव दोन. स्ट्रेस होता.

२३ नोव्हेंबर, रविवार

नाव काढायला नको होतं.

अल्पेश म्हणाला, बघितलं का, आपली मीटिंग झाली आणि रातोरात नाव गायब. म्हणजे आतून कोणीतरी खबर देतंय. के.पी.ची वरपर्यंत सेटिंग हाय. माणूस छोटा नाय.

छोटा नाही, हे ऐकून एक सेकंद बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

मग काकांनी विचारलं, तुझी चौकशी कुठवर आली. सगळे बघत होते. काहीतरी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, नक्की नाही, पण कांदिवलीची कुठलीतरी पार्टी वाटते. का म्हटलं माहीत नाही. कांदिवली सुचलं. बोरिवली सुचलं असतं तर बोरिवली म्हटलं असतं.

काका हळूच ऑस्कर अंकलकडे वळले. अंकलनी मान खाली घातली.

घरी येताना अल्पेशने गेटवर सांगितलं. ब्रेंडा आंटीचा भाऊ कांदिवलीला असतो. फ्लॅट विकायचं काम करतो.

२४ नोव्हेंबर, सोमवार

पूर्ण रस्ताच डिलीट केला. मुळावरच घाव. आता नकाशात तिथे फक्त हिरवं.

आता सगळं आपोआप शांत होईल. एक आठवडा भुईगावला जायचं नाही. रिकव्हरी वीक.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

रस्ता परत आला.

कुठल्या तरी दुसऱ्या शहरातल्या माणसाने परत टाकला. तो नकाशातले चुकीचे बदल सुधारत बसतो. त्याने मला नम्र मेसेज पाठवलाय. हा रस्ता काढू नका, इथून नियमित सायकली जातात, राईडचे भरपूर पुरावे आहेत. पुरावे म्हणून त्याने निळ्या रेघांचा फोटो जोडलाय.

रेघा ओळखीच्या वाटल्या. बऱ्याचशा माझ्याच आहेत.

परत डिलीट केला. त्याने परत टाकला. आता लिहिलंय, तुम्ही स्थानिक नसाल तर कृपया ढवळाढवळ करू नका.

३० नोव्हेंबर, रविवार

न जायचं ठरवलं होतं. पाय आपोआप गेले.

वाटेच्या बरोबर मधोमध काटेरी तार. सिमेंटचे खांब, ओले होते अजून. आंटीने सांगितलं कसं झालं ते. सांगताना सरबत द्यायला विसरली.

श्रीपतकाका आले आणि म्हणाले, ऑस्कर, तुझ्या मेव्हण्याने किती घेतले ते सांग. अंकल म्हणाले, माझ्या घरात चोर शोधतोस तर आधी आपल्या पोराच्या खिशात बघ, इस्टेट एजंटची कार्डं छापून फिरतो, दलाल झालाय. अल्पेशने खरंच कार्डं छापलीत, पण ती त्याने एका गाळ्याच्या भाड्यासाठी छापली होती. काका म्हणाले, आता तुझा हात तुझ्याकडे, माझा हात माझ्याकडे. अंकल म्हणाले, बरं. दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून माणूस बोलावला. तार टाकायला माणूस एकच, खर्च निम्मा-निम्मा. तेवढं पण बोलले नाहीत, बोटांनी सांगितलं.

आता दोन्हीकडे एकेक हात रुंद पट्टी उरलीय. एका हातात माणूस चालत नाही. कोंबडी चालते.

मी अंकलना म्हटलं, कदाचित गैरसमज असेल. अंकल म्हणाले, तू लहान हायेस, तुला लोक कळत नाय. मी आणि श्रीपत एका विहिरीत पोहायला शिकलो.

लूप परत तुटलाय. हे लिहायची वेळ नाही, पण फॅक्ट आहे.

३ डिसेंबर, बुधवार

संकल्प: रविवारी जाऊन सांगणार. स्पष्ट. आय-कॉन्टॅक्ट ठेवून. प्रेझेंटेशन केलं तर लोकांना कळायला सोपं जातं. स्लाईड्स सुरू केल्यात. पहिली: 'आपण इथे कसे पोचलो?'

आर्याने मागून पाहिलं. म्हणाली, भुईगावचा केस तू सोडवतोयस ना, मिळाला का के.पी.? मी म्हटलं, तुला कोणी सांगितलं. म्हणाली, आई सगळ्या बिल्डिंगला सांगतेय, आमच्या कौस्तुभला गावाने बोलावलंय.

७ डिसेंबर, रविवार

नाही सांगितलं.

पुतळाकाकी पडली. शुक्रवारी. वाट बंद, म्हणून ती पहाटे मेन रोडने टेम्पोला जायला लागली होती. अंधार, डोक्यावर पाटी. मागून डंपरने हॉर्न दिला, ती बाजूला झाली, बाजूला गटार. उजवं मनगट मोडलं. फुलं रस्त्यावर.

आंटीला ते दूधवाल्याकडून कळलं. काकीच्या ओट्यावरचा दिवा आंटीच्या मागच्या दारातून दिसतो, आणि तिला दूधवाल्याकडून कळलं. ती तारेपाशी गेली आणि तिथूनच हाक मारली, पुतळे, लय लागलं का गो? आतून काकी म्हणाली, नाय गो. मग दोघी तशाच उभ्या राहिल्या. काकांनी घरात सांगितलंय, तारेपलीकडे कोणी जायचं नाय. अंकलनी पण तेच सांगितलंय.

मेन रोडच्या गटारांना झाकणं नाहीत, ही माझी चूक नाही. डंपर मी चालवत नव्हतो. मी तर लोकांना मेन रोड टाळता यावा म्हणूनच रस्ता

हे वाक्य पूर्ण होत नाहीये. नंतर करतो.

१० डिसेंबर, बुधवार

झोप नाही. कॉफी बंद केली. तरी नाही.

सुमेधचा मेसेज. ४ जानेवारीच्या लूपचं काय, भुईगावात तार लागलीय म्हणे, सगळे पंक्चर होतील. मी लिहिलं, अंडर कंट्रोल.

आईने सायकल स्वतः उचलून बाल्कनीत ठेवली. मी आडवा नाही आलो.

१९ डिसेंबर, शुक्रवार

फ्लॉईड आला. सहा महिन्यांनी. एअरपोर्टवरून थेट मला फोन. म्हणाला, रविवारी ये, डॅडी कोणाशी बोलत नाही, मम्मी केक करताना रडते, कोणी के.पी. म्हणून बिल्डर आहे म्हणे, तुला काही माहितीय का?

मी म्हटलं, नेटवर्क जातंय.

मग त्याचा एक मेसेज आला. माझ्याच ऑक्टोबरच्या राईडचा स्क्रीनशॉट, त्याने लाइक केलेली. टायटल मीच दिलं होतं. 'के.पी. ऑन के.पी. लिंक रोड'. पुढे मुकुटाचं चित्र.



२१ डिसेंबर, रविवार

लॅपटॉप पाठीवर बांधून गेलो. चौदा स्लाईड्स. 'लर्निंग्ज' आणि 'पुढची दिशा' पण होतं.

फ्लॉईड गेटवर उभा होता. जाड झालाय. नेहमी भेटलो की पाठीत गुद्दा घालतो, आज घातला नाही. अंकलना घेऊन तो मेन रोडने वळसा घालून काकांच्या ओट्यावर गेला. मी मागे, सायकल हातात धरून. तारेवरून उडी मारली तर वीस पावलं असतील. चालत गेलो.  काकीचं गटार दिसलं. एक पाकळी पण नव्हती तिथे, इतक्या दिवसांनी कशी असेल. मी तरी बघत होतो.

ओट्यावर काका, अल्पेश, हात गळ्यात बांधलेली काकी. मी लॅपटॉप उघडला. फ्लॉईडने तो बंद केला. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, के.पी. म्हणजे हा. कौस्तुभ पाटकर. सायकलीसाठी केलं.

मला वाटलं होतं, आता आरडाओरडा होईल, मग मोकळं होईल, मग हसतील. मी त्या हसण्याची स्लाईड पण ठेवली होती, शेवटची.

काकांनी मला खालून वरपर्यंत पाहिलं. हेल्मेट, चड्डी, बूट. म्हणाले, हा? मग म्हणाले, मग कांदिवली कुठनं आली?

मी म्हटलं, सुचली.

अल्पेश हसला, पण ते हसणं नव्हतं. अंकल म्हणाले, पोरा, तू माझ्या घरची केळी खात होतास. एवढंच. ओरडले असते तर सॉरी म्हणता आलं असतं. सॉरी म्हणालो पण. कोणाला ऐकू गेलं माहीत नाही.

मी म्हटलं, म्हणजे आता बिल्डर नाहीच आहे. रस्ता येणार नाही. तार काढता येईल.

काका म्हणाले, रस्त्याचं सोड. ऑस्कर माझ्या पोराला दलाल बोलला. चार मानसांत बोलला.

अंकल म्हणाले, आनि तू माझ्या मेव्हन्याला चोर बोललास. तो येनार होता नाताळला. नाय येत म्हनाला.

ते नकाशात नव्हतं, म्हणजे ते डिलीट होणार नव्हतं.

 निघताना काकी मला म्हणाली, पानी पिऊन जा. पिऊन निघालो.

२२ डिसेंबर, सोमवार

त्या नकाशा सुधारणाऱ्या माणसाला मोठा मेल लिहिला. सगळं खरं. वाट खाजगी आहे, दोन घरांची आहे, आता बंद आहे, रेघा माझ्या आहेत. त्याचं उत्तर आलं. धन्यवाद, अपडेट केलं. आता तिथे तुटक ठिपके आहेत. मधे छोटं कुंपणाचं चिन्ह.

बाकी सगळं तुटलं आणि नकाशा मात्र एकदम बरोबर झाला.

२५ डिसेंबर, गुरुवार. नाताळ

हिम्मत करून गेलो. फ्लॉईडने दार उघडलं आणि बाजूला झाला, म्हणजे आत ये. घरात येशूजन्माचा गोठा मांडलेला, दिवे, केकचा वास. टेबलावर काकीचं ताट भरून तयार. वर भरतकामाचा रुमाल.

मी म्हटलं, आंटी, द्या, मी सायकलवर मेन रोडने पोचवतो, पटकन. मला वाटलं, हे तरी मी करू शकतो.

आंटी म्हणाली, ताट वाटेनं जातं.

मग म्हणाली, तीन राजांच्या सणापर्यंत ठेवीन. त्यानंतर नाताळ संपला. मग त्याला काय अर्थ नाय. रिकामं करून कोणाच्या तरी हाती पाठवीन.

तीन राजांचा सण कधी, फ्लॉईडला विचारलं. म्हणाला, असतो सहाला, पण चर्चमध्ये जवळच्या रविवारी करतात, म्हणजे ४ जानेवारी.

माझ्या लूपचा दिवस.

२ जानेवारी, शुक्रवार

सुमेधचा ग्रुप रविवारी घोडबंदरला चाललाय. लूप कॅन्सल म्हणून त्याने जाहीर केलं. मी कॅन्सल म्हटलं नव्हतं. कोणी विचारलं पण नाही.

नवीन वर्षाचे संकल्प केले नाहीत.

४ जानेवारी, रविवार

पहाटे उठलो. (खरंच पहाटे.) एकटाच गेलो. आगाशी, निर्मळ, भुईगाव. घंटी परत बसवलीय. वाजवायला कोणी समोर आलं नाही.

आंटी मागच्या दारात उभी होती, ताट हातात, रुमाल तसाच. चर्चमध्ये मिसाला जायचे कपडे. मला बघून म्हणाली, बरा आलास, इकडे ये.

तारेपलीकडे पुतळाकाकी उभी होती. बोलावणं कोणी केलं माहीत नाही.  ताट तारेवरून जाईना, दोन बायकांच्या मानाने तार उंच. खालून जाईना, केक घसरेल. काकीचा उजवा हात अजून प्लास्टरमध्ये.

आंटी मला म्हणाली, धर.

सायकल कुंपणाला टेकवली आणि वरची तार वर, खालची खाली, अशी दोन्ही हातांनी फाकवून धरली. माझे ग्लोव्हज अर्ध्या बोटांचे आहेत. काटे बरोबर उरलेल्या अर्ध्यात घुसले. आंटीने ताट आत सरकवलं. काकीने डाव्या हाताने घेतलं, छातीशी टेकवून सांभाळलं. रुमाल काट्याला अडकला, आंटीने सोडवला. मग काकीने कमरेची पिशवी काढून तारेतून दिली. चाफ्याची फुलं होती. नुसतं ताट घेता येत नाही.

ऑस्कर अंकल ओट्यावर पेपर वाचत होते. सगळा वेळ पान उलटलं नाही. पलीकडे श्रीपतकाका चाफ्याला पाणी घालत होते. एकाच झाडाला, बराच वेळ.

तार सोडली. तशीच आहे, खांब पण. मी काकीला विचारलं, हात कसा आहे. म्हणाली, बरा हाय. मग ताट सांभाळत जवळ आली आणि हळू म्हणाली, बाबा, हे नकाशात-बिकाशात कुठं टाकू नको.

नाही टाकणार म्हटलं.

सायकल उचलली तर मागचं चाक खाली बसलेलं. टेकवताना तारेचा काटा लागला. ट्यूब घरी, पंप घरी. मेन रोडने हातात धरून चालत निघालो, गेलो होतो त्याच रस्त्याने. निर्मळच्या तलावापाशी घड्याळाने विचारलं, ऍक्टिव्हिटी अजून चालू आहे, सेव्ह करू की डिस्कार्ड.

डिस्कार्ड केलं.